भांडारातला वाटा



रविवारच्या उपासनेत अर्पणाच्या पिशव्या फिरू लागल्या की मराठी मंडळ्यांमध्ये एक संदर्भ हमखास ऐकू येतो: मलाखी, तिसरा अध्याय, दहावे वचन. सगळा दशमांश भांडारात आणावा आणि मग वरून आशीर्वाद उतरतो की नाही याबाबत देवाचीच परीक्षा पाहावी, असा त्याचा आशय. संडे स्कूलच्या मुलांना ते पाठ असते, पंच कमिटीला तर असतेच. त्याच अध्यायात चार वचने पुढे मात्र वेगळाच आवाज उठतो. देवाची सेवा करून पदरात काय पडले, त्याच्यापुढे शोक करत वावरलो त्याचा लाभ काय, असे तेच लोक विचारू लागतात. दशमांशाची आज्ञा आणि प्रार्थना वाया गेल्याची तक्रार बायबलात अशी एकाच पानावर आहे. त्यातले एक वचन दानपाकिटावर छापायचे आणि दुसरे मिटून ठेवायचे, या सवयीने अनेक भाविक घरांवर अन्याय केला आहे.

हा अन्याय कसा होतो ते मंडळीत वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. घरात मोठे आजारपण येते. उपास धरले जातात, शेजारपाजारची माणसे जमून रात्र जागवतात, पाळक तेल लावून प्रार्थना करतात. तरी रुग्ण जातो. काही दिवसांनी कोणीतरी, बहुधा चांगल्याच मनाने, विचारतो की दशमांश नियमित होता ना? या एका प्रश्नात देव सावकार ठरतो आणि मृत्यू थकबाकीची वसुली. ज्याला सांत्वन हवे त्याच्या हातात हिशेब ठेवला जातो. हा प्रश्न बायबलातून आलेला नाही, आणि तो मंडळीतून कायमचा गेला पाहिजे, असे ठामपणे मांडण्यासाठीच आजचा विषय घेतला आहे.

मलाखीचा काळ आधी पाहावा. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले, इ.स.पू. ५१५ मध्ये यरुशलेमचे मंदिर पुन्हा उभे राहिले. संदेष्ट्यांनी वैभवाची आशा दाखवली होती; वाट्याला आले ते पारशी साम्राज्याच्या एका कोपऱ्यातले करदाते जिणे. मलाखीचे पुस्तक सामान्यपणे त्यानंतरच्या शतकातले मानतात. त्याच शतकात, इ.स.पू. ४४५ मध्ये, नहेम्या यरुशलेमला आला आणि त्याने जे पाहिले ते त्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. राजाचा कर भरण्यासाठी लोक शेते आणि द्राक्षमळे गहाण टाकत होते, पोटच्या मुली दास्यात देत होते, आणि त्यांना कर्ज देणारे त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने सरदारांना समोर उभे करून व्याज सोडायला आणि गहाण शेते परत करायला लावले. शेवटच्या अध्यायात तोच नहेम्या सांगतो की लेव्यांचा वाटा न मिळाल्यामुळे मंदिराचे सेवक आपापल्या शेतावर निघून गेले होते.

म्हणजे भांडार रिकामे होते हे खरे, पण देशात धान्य नव्हते असे नाही. ते कुठे अडले होते? मलाखी दशमांशावर येण्याआधी, पाच वचने मागे, त्याचे उत्तर देतो. मजुराची मजुरी दाबणारे, विधवेला आणि अनाथाला छळणारे, परक्याला हुसकावणारे, यांच्यावर त्याचा रोख आहे. रिकाम्या भांडाराची गोष्ट त्यानंतर येते. पाचवे वचन सोडून दहावे वाचले तर गहाणवट घेणारा आणि गहाण टाकणारा दोघेही सारखेच चोर ठरतात, आणि मलाखीला ते मुळीच म्हणायचे नाही.

भांडार म्हणजे तरी काय? मंदिराला लागून असलेल्या खोल्या: त्यांत धान्य, द्राक्षारस, तेल. दशमांश हा पिकाचा आणि जनावरांचा होता. अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात त्याचा जो विनियोग सांगितला आहे तो आजच्या श्रोत्यांना चकित करील. वर्षाचा दशमांश कुटुंबाने यात्रेच्या ठिकाणी न्यायचा आणि देवासमोर, घरच्या सर्वांसह, लेव्याला सोबत घेऊन, आनंदाने खायचा. ठिकाण फार लांब असेल तर माल विकून पैसे न्यायचे आणि तिथे मनाला येईल ते विकत घ्यायचे. आणि दर तिसऱ्या वर्षी तो दशमांश गावातच ठेवायचा: लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी, त्यांनी पोटभर खावे म्हणून.

ही शेवटची यादी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. विधवा म्हणजे जिच्या नवऱ्यासाठी केलेली प्रार्थना फळली नाही ती. अनाथ म्हणजे ज्याच्या आईबापांसाठी केलेली प्रार्थना फळली नाही तो. परका बहुधा दुष्काळाने किंवा युद्धाने गाव सुटलेला. नियमशास्त्राने त्यांना दशमांश कमी पडल्याचा जाब विचारला नाही. त्यांना दशमांशाचे हक्कदार केले. देवाच्या मौनाने ज्याचे घर मोडले तो माणूस देणाऱ्यांच्या रांगेतून उचलून घेणाऱ्यांच्या रांगेत बसवला आहे. आजच्या मंडळ्यांनी ही व्यवस्था उलटी केली आहे, आणि दुःखी घराकडे पावतीपुस्तक घेऊन जाण्याची हिंमत तिथूनच येते.

उलटापालट नवी नाही. युरोपात इ.स. ५८५ च्या माकोन येथील धर्मसभेने दशमांश न देणाऱ्यांना मंडळीबाहेर काढण्याची तरतूद केली, ७७९ मध्ये शार्लमेनच्या फर्मानाने तो राज्याचा कायदा झाला, आणि पुढची हजार वर्षे तो शेतकऱ्याच्या मानेवरचा कर म्हणून राहिला. त्याचा सर्वांत लाजिरवाणा दिवस आयर्लंडमध्ये उगवला. तिथले बहुसंख्य शेतकरी कॅथलिक, पण दशमांश द्यायचा तो राज्यमान्य अँग्लिकन पाद्र्यांना. १८३१ पासून लोकांनी नकार द्यायला सुरुवात केली. जनावरे जप्त होऊ लागली, ती लिलावात कोणी विकत घेईना. १८ डिसेंबर १८३४ रोजी कॉर्क परगण्यात रॅथकॉर्मॅकजवळ सैनिक आणि पोलीस एका घरी थकलेला दशमांश वसूल करायला गेले. थकबाकी होती ४० शिलिंग. जमावावर गोळीबार झाला आणि डझनभराच्या आसपास माणसे मेली. ते घर एका विधवेचे होते. जो वाटा तिच्यासारखीच्या ताटात पडावा म्हणून सांगितला गेला, तो तिच्या अंगणात बंदुका नेऊन मागितला गेला.

विसाव्या शतकात बंदुका गेल्या आणि आश्वासने आली. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स या दूरचित्रवाणीवरच्या प्रचारकाने दान म्हणजे पेरलेले बी, त्याचे पीक देव देतो, अशी शिकवण घरोघर नेली. १९८७ मध्ये त्यांनी जाहीर केले की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला या जगातून बोलावून घेईल; रक्कम जमली. त्या शिकवणीचे मराठी रूप आज मोबाइलवर दिसते. तिच्यात निरुत्तर प्रार्थनेला जागाच नाही. पीक आले नाही तर बी कमी पडले, म्हणून आणखी पेरा. याकोबाने बेथेल येथे असाच सौदा मांडला होता: अन्न, वस्त्र आणि सुखरूप परतणे मिळाले तर दशमांश देईन. त्याला ते सगळे मिळाले, तो बेथेलला परतही आला. पण त्याने तो दशमांश दिल्याची नोंद उत्पत्तीच्या पुस्तकात नाही. देवाने मात्र अटीची वाट न पाहता त्याची सोबत केली. सौदा मोडूनही नाते राहिले, हे त्या कथेचे मर्म आहे.

नव्या करारात या दोन गोष्टींची गाठ सर्वांत स्पष्ट पडते ती करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात. आठव्या आणि नवव्या अध्यायांत पौल यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी वर्गणी मागतो आणि उदाहरण देतो मासेदोनियाच्या मंडळ्यांचे, ज्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या. बाराव्या अध्यायात तोच पौल आपल्या शरीरातल्या एका काट्याबद्दल सांगतो: तो निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. हा काटा कोणता, यावर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. त्याहून महत्त्वाचे हे की वर्गणी मागणारा माणूस आपली अपुरी राहिलेली प्रार्थना त्याच पत्रात उघड करतो. दान द्या म्हणजे माझ्यासारखे तुमचेही काटे निघतील, असे म्हणायची सोय त्याने स्वतःला ठेवलीच नाही.

आता या महाराष्ट्रातल्या एका आयुष्याकडे वळावे. दान आणि मौन यांचा पंडिता रमाबाईंइतका पूर्ण अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांच्याबरोबर तीर्थयात्रा करत वाढल्या. पुराणे सांगायची, मिळेल त्या दक्षिणेत राहायचे आणि त्यातूनच दानधर्म करायचा, हा कुटुंबाचा क्रम. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात तो मोडला. रमाबाईंनी पुढे १८९७ मध्ये या दिवसांची हकिकत इंग्रजीत लिहिली. शास्त्रात सांगितलेले दान, उपास, स्नाने, जप, प्रदक्षिणा, काहीही त्यांनी सोडले नव्हते. हातातला पैसाही ब्राह्मणांना देण्यात संपला. भांडी विकली, दागिने विकले. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. पाने खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरली सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ही हकिकत ख्रिस्ती व्यासपीठांवरून पुष्कळदा एका धर्माचे देव मुके ठरले याचा पुरावा म्हणून सांगितली गेली. तसे सांगणे उथळ आहे, कारण ते रमाबाईंचे पुढचे आयुष्य वाचत नाही. श्रीनिवास १८८० मध्ये ढाक्यात वारला. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे बाप्तिस्मा झाला, त्यानंतर मौन संपले असेही नाही. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलेले शारदासदन हे त्यांचे विधवांसाठीचे विद्यालय १८९३ मध्ये वादात सापडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने मदतीचे वचन दिले होते ते दहा वर्षांचे. ती मुदत १८९८ मध्ये संपली.

त्याआधीच मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. १८९७ च्या आरंभी रमाबाई तिकडे निघाल्या तेव्हा त्यांच्याकडे त्या कामापुरता पैसा नव्हता आणि त्यांचे मनही प्रथम कचरत होते. स्वतःच्या दुष्काळाची आठवण त्यांना घेऊन गेली, असे त्यांनीच लिहिले आहे. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांची सोय लावली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल: या सगळ्याला बांधील असा एकही सरकारी किंवा मिशनरी खजिना नव्हता.

हे धाडस त्यांनी कुठून घेतले तेही त्यांनी सांगितले आहे. चीन इनलँड मिशनची कहाणी, जॉन पेटन यांचे चरित्र आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांची आत्मकथा, ही तीन पुस्तके त्यांनी वाचली होती. म्यूलर (१८०५–१८९८) हे मूळचे प्रशियाचे. १८३० मध्ये त्यांनी ठरावीक पगार नाकारला आणि चर्चमधल्या बाकांचे भाडे बंद केले. १८३६ मध्ये अनाथाश्रम सुरू केला. कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, आलेला प्रत्येक पेनी छापील हिशेबात दाखवायचा. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुलांचा सांभाळ झाला. मृत्यूच्या वेळी त्यांची स्वतःची मालमत्ता दोनशे पौंडांच्या आत भरली. दशमांशाबद्दल विचारणाऱ्याला ते त्या दहाव्या हिश्श्यापासून सुरुवात करायला सांगत.

म्यूलरांच्या कहाण्या सांगताना नाश्त्याच्या वेळी दारात अचानक आलेली दुधाची गाडी रंगवली जाते. त्यांची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. १८३५ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा एलायजा गेला. १८७० मध्ये पत्नी मेरी संधिवाताच्या तापाने गेली. त्यांनी देवाकडे तिला मागितले होते, आणि तिच्या अंत्यविधीचे प्रवचन त्यांनी स्वतः केले. नोव्हेंबर १८४४ पासून ते पाच माणसांचे मन वळावे म्हणून रोज प्रार्थना करत होते. पहिला दीड वर्षाने वळला, दुसरा आणखी पाच वर्षांनी, तिसरा त्यानंतर सहा वर्षांनी. उरलेल्या दोघांसाठी ३६ वर्षे झाली तरी प्रार्थना चालूच असल्याचे त्यांनी उपासनेत सांगितले. भाकरीची प्रार्थना सकाळी फळते आणि माणसाची छत्तीस वर्षे फळत नाही, हे दोन्ही एकाच माणसाने एकाच वहीत लिहिले. त्यांच्या दानाचा या विलंबाशी कोणताही हिशेब त्यांनी जोडला नाही. मुलांची जेवणे त्या छत्तीस वर्षांत चालू राहिली.

रमाबाईंनीही असेच काम केले. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, मुक्तीच्या शाळेची प्रमुख आणि आईच्या मागे सगळे सांभाळणारी अशी सर्वांची धारणा. जुलै १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी ती गेली. हजारो मुलींनी तिच्यासाठी प्रार्थना केलेली असणार, हे सांगायला पुरावा लागत नाही. रमाबाईंना तोवर ऐकू येणेही जवळजवळ बंद झाले होते. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या. मुक्तीच्या मुली खिळे जुळवत होत्या. ते काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

या आयुष्यातून कोणता निष्कर्ष काढायचा? विश्वास धरला असता तर मनोरमा वाचली असती, हे खोटे. दान कमी पडले म्हणून गेली, हे तर अमानुष. जिच्या घरी दान देऊनही अन्न आले नाही, त्या मुलीने पुढे दोन हजार जणींना अन्न दिले, एवढे दिसते. आपल्या आईबापांना का मिळाले नाही याचे उत्तर तिला मिळाल्याची नोंद नाही. उत्तराआधीच तिने चूल पेटवली.

गरिबांनी द्यायचेच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मिझोराममध्ये १९१० च्या सुमारास 'बुहफाइ थाम' ही रीत पडली: प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची, आणि मंडळीच्या बायकांनी तो तांदूळ गोळा करून विकायचा. पाठोपाठ १९११–१२ मध्ये बांबू फुलला, उंदीर माजले आणि पिके गेली. त्या दुष्काळाला तिथे मावताम म्हणतात. रीत टिकली, आजही तिच्यावर तिथल्या मंडळीचे प्रचारकार्य मोठ्या प्रमाणात चालते. मूठ मोजून घेणारा कोणी नाही, हे तिचे बळ आहे. ज्या घरात भात शिजत नाही तिथे मूठही निघत नाही, आणि त्या घराला त्याबद्दल दोष लागत नाही. टक्केवारीपेक्षा ही व्यवस्था शास्त्राच्या अधिक जवळची वाटते.

महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दुसऱ्या टोकाने हाच विचार केला. परदेशी पैशावर जगणारी मंडळी कधी आपल्या पायावर उभी राहणार नाही, हे त्यांना सलत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय मांडला. त्याची घरात किती ओढाताण झाली असेल, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला कळेल. दोन वर्षांनी टिळक गेले, दरबार अपुरा राहिला. मराठी मंडळीने स्वतःचे भांडार स्वतः भरावे ही त्यांची मागणी मात्र योग्यच होती, आणि ज्या मंडळ्या आज ते भरतात त्यांनी पुढचा प्रश्न घ्यायला हवा: त्यातून कोण जेवते?

म्हणून काही ठोस सूचना. वार्षिक सभेत पाळकांचा पगार, इमारत दुरुस्ती, वीजबिल, बिशपच्या कार्यालयाचा वाटा वाचला जातो. त्या कागदावर अनुवादाच्या चौदाव्या अध्यायातला तिसऱ्या वर्षाचा वाटा वेगळ्या ओळीत यावा. जमेच्या एक तृतीयांश रक्कम विधवा, अनाथ आणि स्थलांतर करून आलेल्या घरांसाठी राखावी, मग ती घरे मंडळीची असोत वा नसोत. ज्याला मदत दिली त्याचे नाव उपासनेत पुकारू नये. मोठ्या आजारात किंवा मृत्यूनंतर त्या घराचे दशमांशाचे खाते पाहण्यास पंच कमिटीला मनाई असावी, आणि ही मनाई ठराव म्हणून इतिवृत्तात लिहावी. अशा घरी पहिली भेट पंचांची व्हावी, आणि त्यांनी सोबत डबा, औषधाचे बिल भरण्याची तयारी आणि रात्री रुग्णालयात बसायला एक माणूस न्यावा. मलाखीवर प्रवचन असेल त्या रविवारी पाळकांनी तिसरा अध्याय पाचव्या वचनापासून चौदाव्यापर्यंत सलग वाचावा, आणि चौदावे वचन ज्यांच्या मनात आहे त्यांना उपासनेनंतर थांबून बोलण्यासाठी वेळ ठेवावा.